माथेरानच्या घोड्यावर बसताय? डोक्याचं बघा

संपादकसाहेब, नमस्कार. गेल्या महिन्यात माथेरानला गेलो होतो, तिथे गाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यावर उतरलं की घोडा आलाच. भाचीला बसवलं, हेल्मेट मागितलं तर घोडेवाला म्हणाला "काय होत नाय साहेब, गरीब आहे घोडा". गरीब असेल हो, पण उतारावर मागचा घोडा जवळ आला नि हा बिचकला, पोरगी घसरली, आणि पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत, अडकला! नशीब घोडेवाल्याने लगाम सोडला नव्हता, नाहीतर फरफटत गेली असती. मनगटावर निभावलं.

चूक आमचीपण, सँडलवर बसवली होती. टाच असलेला बूट हवा आणि पायाचा पुढचा भागच रिकिबीत टेकवायचा, म्हणजे पडलात तरी पाय सुटतो, हे आम्हाला नंतर कळलं. खोगिराचा पट्टा ढिला आहे का हेही बसण्याआधी बघावं. सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला, तेही हेल्मेट असताना. म्हणजे हेल्मेट सगळं वाचवत नाही, पण डोकं तरी वाचतं ना. मग नाक्यावरच भाड्याने ठेवायला काय हरकत आहे? आणि सेल्फीसाठी घोडे पळवणाऱ्यांना कोणीतरी आवरा.

– एक वाचक, डोंबिवली