इम्प्लांटचं सिम्युलेशन ठीक, पण टेस्ट कुठंय?

संपादक साहेब,

तुमच्या आरोग्य पुरवणीत आलं होतं की खुबा-गुडघ्याचे इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम सांधे) आता कॉम्प्युटरवरच, म्हणजे सिम्युलेशनने, तपासता येतात, सोबत लाल-पिवळं-निळं रंगवलेलं मांडीचं हाड. फोटो भारीच आहे, पण मी टेस्टिंगमधे काम करतो म्हणून सांगतो, सॉफ्टवेअरमधे चुकीचे आकडे भरले तरी रंग तितकेच छान येतात. धातू हाडाला घट्ट चिकटलाय असं धरलं का थोडा घसरू दिला, एवढ्यावरून निकाल फिरतो.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मागे अशा सिम्युलेशनचीच एक परीक्षा घेतली होती. 12 मिमीची नळी, मधे 4 मिमीचा गळा, पुढे एकदम परत 12, बास, हलणारा पार्ट एकही नाही. 28 गटांनी त्यातून वाहणाऱ्या द्रवाची सिम्युलेशनं पाठवली, तीन लॅबनी तशी नळी बनवून त्यात बारीक कण सोडून लेझरने वेग मोजला. 2012 मधे निकाल छापून आले तर गळ्यातून सुटलेली धार नक्की कुठे विस्कटते यावर सिम्युलेशनवाल्यांचं आपसातच जुळेना!

खऱ्या मशीनवरची, खुब्याच्या झिजेची आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाची) टेस्ट म्हणजे 50 लाख आवर्तनं, सेकंदाला एक, म्हणजे मशीन जवळजवळ दोन महिने रात्रंदिवस चालू, सांधा वासराच्या सीरममधे बुडालेला (वासाचं विचारू नका), मधेमधे थांबवून कप (ज्या वाटीत खुब्याचा गोळा फिरतो ती) काढा, धुवा, सुकवा, वजन करा. कंपन्यांना शॉर्टकट हवासा वाटणारच.

अर्थात टेस्ट झाली म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. डेप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा एएसआर खुबा 2010 मधे परत मागवला, आपल्याकडेही तो बसवलेले पेशंट होते. लॅबमधे कप बरोबर कोनात होता म्हणून झीज कमी, पेशंटमधे तो जरा उभा बसला की कडेवर घासायचा. सिम्युलेशन खरं इथे कामाचं, वीस कोन लावून बघता येतात, मशीनवर प्रत्येकाला दोन महिने कोण देणार? फक्त त्यातले दोन-तीन वाईट कोन तरी मशीनवर लावा ना, आणि ज्या टेस्टवरून कॉम्प्युटरचं मॉडेल जुळवून घेतलं तीच परत पुरावा म्हणून दाखवू नका.

पुढच्या वेळी असा लेख छापताना कंपनीला एवढं विचारा, कॉम्प्युटरचा आकडा किती, मशीनवर किती आला, आणि कॉम्प्युटरचा आकडा टेस्टच्या आधी लिहून ठेवला होता का. जागा कमी पडली तर फोटो लहान करा.

- एक वाचक, पुणे