काकू, त्या शेवटच्या चार ओळींसाठी थँक्यू

प्रिय काकू,

समोर बसून बोलायला गेले की मला रडू येतं, मग तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच राहतो, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कोणाला सांगायला गेलं की "खालच्या काकूंनी एक कविता समजावून सांगितली" एवढंच होतं, आणि ते एवढंच नव्हतं.

आईचं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकलंयत. लेकीची पाठांतर स्पर्धा होती, कविता रेव्हरंड टिळकांची "केवढे हे क्रौर्य" (बाण लागलेली पक्षीण पिल्लांकडे घरी येते ती), आणि आईला ती शाळेपासून तोंडपाठ, म्हणून मी फोन चालू करून ठेवला आणि आई म्हणत गेली. ती गेल्यावर मी ते रोज रात्री ऐकायचे, पण शेवटचं कडवं आलं की बंद करायचे. तिथे तिचा आवाज एकदम खाली येतो, शब्द सुटे सुटे पडतात, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की तिला तेव्हाच धाप लागायला लागली होती आणि आपण शेजारी बसून फोन धरून हसत होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, भावालाही नाही.

तुम्ही डोळे मिटून दोनदा ऐकलंत, टेबलावर बोटं वाजवत, आणि म्हणालात, "दमली नाहीये गं ती. वृत्त बदललंय." वृत्त म्हणजे ओळीतल्या अक्षरांचा ठरलेला साचा.

मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तुम्ही गण पाडायला बसलात, म्हणजे लघू (आखूड) आणि गुरू (लांब) अक्षरांचे तीन-तीनचे गट. मला गण लक्षात ठेवायचं शाळेतलं यमाताराजभानसलगम् आठवत होतं पण ते दोन मार्कांसाठी, कशाला असतं ते कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटचं कडवं सोडून सगळी कविता पृथ्वी वृत्तात, ओळीत 17 अक्षरं, आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. आणि पहिलीच ओळ बघा, "क्षणोक्षणि पडे, उठे, परि बळें उडे बापडी". आठवं अक्षर "ठे". म्हणजे ती पक्षीण पडते, उठते आणि तिथे म्हणणाऱ्याचा श्वास थांबतो, आणि मग पुढच्या नऊ अक्षरांत ती कशीबशी उडते. प्रत्येक ओळ लघू अक्षराने सुरू होते आणि लगेच गुरूवर आपटते, क्षणो, चुके, किती. बाण लागलेला जीव असाच उडणार ना, धक्क्याधक्क्याने. तुम्ही "किती घळघळा गळे" म्हणताना बोट टेबलावर टपटप आपटलंत, तो आवाज अजून कानात आहे.

आणि मग शेवटचं कडवं. "मातीत ते पसरिले अतिरम्य पंख". इथे वसंततिलका, दुसरंच वृत्त. 17 ची 14 अक्षरं झाली आणि सुरुवातीलाच दोन गुरू, मा, ती. तुम्ही म्हणालात की आता धडपड नाही, आता ती खाली ठेवलीय, हे कडवं पहिल्याच्या वेगाने म्हणायला गेलं तरी जीभ अडखळेल. आईने ते बरोब्बर म्हटलं होतं, काकू. तिला वृत्ताचं नाव माहीत होतं का ते मला आता कधीच कळणार नाही, पण कानाला माहीत होतं. कित्येक महिने मी ज्याला धाप समजत होते ती कविता होती.

त्या रात्री मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. तीनदा.

त्या चार ओळींत कोणी बोलत नाही हेही तुम्हीच दाखवलंत. त्याआधी पक्षीण पिल्लांशी बोलत असते, अंतीचा कवळ, शेवटचा घास, आणलाय म्हणते, "नसे लवहि उष्णता, नच कुशीत माझ्या शिरा" म्हणते (ही ओळ मला अजून मोठ्याने वाचता येत नाही). मग कवी स्वतः मध्ये येतो आणि माणसाच्या बुद्धिबलाला टोमणा मारतो. ती ओळ मला खटकते, रडू आलेलं असताना कोणी भाषण सुरू करावं तसं वाटतं. तुमचं म्हणणं उलटं, की आधी तो राग बाहेर पडला म्हणून पुढची शांतता खरी वाटते. अजून मला पूर्ण पटलेलं नाही, पण शेवटच्या कडव्यात राग नाही, रक्तही नाही हे खरं. नुसती नजर फिरते. पंख, वर झालेलं पांढरं पोट, मग चोच. "चंचू तशीच उघडी." जी आत्तापर्यंत बोलत होती तिची चोच उघडीच राहिली. आणि शेवटी प्राण गेले ते सांगून झाल्यावर "श्रमही निमाले". आईची सगळी हयात कष्टात गेली, तिच्याबद्दल इतके लोक इतकं बोलले, पण हे दोन शब्द कोणी बोललं नाही.

पण मला खरं हलवलं ते त्याच्या आधीच्या कडव्यातल्या ओळीने. "असो, रुधिर वाहुनी नच भिजो सुशय्या तरी". घरटं रक्ताने खराब होऊ नये म्हणून ती खाली झाडाच्या तळाशी जाऊन निजते. शेवटच्या दिवसांत आई रोज म्हणायची नवी गादी काढून ठेव, खराब होईल, मला सतरंजी घाल, आणि मी तिच्यावर ओरडले होते. एकदा नाही, दोनतीनदा. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काही समजूत घातली नाहीत, फक्त त्या ओळीवर बोट ठेवलंत आणि म्हणालात "बघ, ती असो म्हणते". आई फोन ठेवताना पण असो म्हणायची.

तुम्ही शेजारी गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांची, "राजहंस माझा निजला" पण ठेवली होतीत. तिथे मांडीवर मूल गेलंय आणि आई मानायलाच तयार नाही, म्हणून तीच ओळ परत परत येते, कविता पुढे सरकतच नाही. इथे मरणाऱ्या आईला सगळं माहीत आहे, म्हणून इथे पालुपद नाही, कविता सरळ खाली उतरत जाते. टिळक आणि गडकरी दोघंही 1919 मध्येच गेले हे तुम्ही जाता जाता बोललात. मी आठ महिने राजहंसवाल्या आईसारखी एकाच जागी बसून होते काकू, तोच एक मिनिटाचा तुकडा परत परत.

ते कॅलेंडरचं पान आईच्या कवितांच्या वहीत ठेवलंय. शेवटची ओळ तुम्ही मुद्दाम सोडली होतीत, तू पाड म्हणून. काल पाडली. "निष्प्राण" मधल्या नि ला आधी लघू लावला, मग पुढचं जोडाक्षर दिसलं, खोडून गुरू केला. 14 अक्षरं बरोबर बसली, पण "श्रमही" च्या इथे जरा शंका आहे. रविवारी घेऊन येते, तपासून द्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची