गोळ्यांचं तेवढं बघ

कराड, रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर "काही नाही हो बाबा" करून तू विषय मिटवलास, त्यामुळे लिहायला बसलो. मायग्रेन उठून, मीटिंग अर्धी टाकून तू उलट्या करत होतीस, हे स्नेहलकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

आईनं लगेच जिलेबी-दुधाचं काढलं. सूर्य उगवायच्या आत, कुंदाआत्या खायची तसं. आत्याची अर्धशिशी तू पाहिली नाहीस. माजघराची खिडकी लावून, कपाळाला सुंठेचा लेप, वर घट्ट फडकं. आम्हा पोरांना भांडं वाजवायची बंदी. दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापायला बसली की सगळे म्हणायचे, बघा, काही झालं नव्हतं. तुझ्या ऑफिसातही हेच चालत असणार.

जिलेबीचं राहू दे. मला घोर आहे तो तुझ्या पर्समधल्या गोळ्यांचा. दिवाळीत कचऱ्यात रिकाम्या स्ट्रिप्स दिसल्या, तेव्हा बोललो नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 दिवस, किंवा ट्रिप्टानच्या (त्या खास मायग्रेनवरच्या) नि कॅफीन मिसळलेल्या 10 दिवस, असं काही महिने चाललं की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. तेव्हा कॅलेंडरवर खुणा कर. कधी दुखलं, काय घेतलंस, झोप किती, पाळी कधी. ते घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. अटॅक कमी व्हावेत यासाठी रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. त्यात प्रोप्रानोलॉल निघालं तर लहानपणच्या दम्याचं आधी सांग, दमेकऱ्याला ते चालत नाही. तू विसरशील. मी नाही विसरत. विद्यानगरहून भर पावसात स्कूटरवर पूल ओलांडला होता, तू आईच्या कुशीत, आणि तुझ्या श्वासाची शिट्टी मला पुढे ऐकू येत होती.

आणि संकष्टी बंद कर. चंद्रोदयापर्यंत उपाशीपोटी लॅपटॉपसमोर बसल्यावर दुसरं काय होणार? गणपती काही हजेरी घेत नाही. (आईला हे वाचून दाखवू नकोस.) एक आठवडा अमेरिकेच्या वेळेनं जागायचं, पुढच्या आठवड्यात पहाटे उठायचं, वर जेवणाऐवजी कॉफी...

झाली माझी मास्तरकी सुरू. रागावू नकोस.

तू टीम लीड झालीस तेव्हा मी पेपरवाल्यालासुद्धा थांबवून सांगितलं होतं. म्हणूनच म्हणतो, मॅनेजरला "जरा डोकं दुखतंय" असं सांगू नकोस. डोकेदुखी म्हटली की लोकांना बाम आठवतो. मायग्रेन आहे, एकेक अटॅक 4 तासांपासून 3 दिवसांपर्यंत चालतो, असं स्पष्ट सांग. डॉक्टरांचं पत्र दे, एकच शिफ्ट माग, डोक्यावरच्या ट्यूबखालची जागा बदलून घे. नोकरी सोडायचा विचार त्यानंतर. सोडलीस तरी तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त आईनं त्यात गहू ठेवलेत.

कधी एकाएकी, आजवर झालं नाही इतकं जोरात दुखलं, हात-पाय बधिर झाले किंवा बोलणं अडखळलं, तर गोळी घेऊन पडून राहू नकोस. स्नेहलला उठव आणि हॉस्पिटल गाठ.

अपॉइंटमेंट मिळाली की दिवस कळव, मी येतो. आत नको असेन तर बाहेर बसेन. आणि या महिन्यात किती दिवस गोळ्या घेतल्यास, ते खरं सांग. आईला सांगत नाही.

तुझा,
बाबा