आईच्या पवित्र शास्त्रात पेन्सिलीने लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुम्हाला पोस्टाने पाठवता आलं असतं. पण आईच्या मनात भीती भरली गेली ती चारचौघांत, भोंग्यावरून. मग ती ज्यांनी काढली त्यांचे आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

कोविडची लस आली त्या दिवसांत एका वक्त्याने सभेत सांगितलं की बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायातली श्वापदाची खूण, हातावर किंवा कपाळावर करायची देवाच्या शत्रूची खूण, ती हीच. ज्याने घेतली तो देवाला मुकला. आईने आमच्या आग्रहाखातर लस घेतली आणि तिची झोप उडाली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, रविवारी सगळे पुढे जायचे, ती बाकावरच बसून राहायची. जन्मभर मंडळीत, चर्चमध्ये, वावरलेली बाई, पण स्वतःला बाटलेली समजू लागली. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या एकाने अंत्यकाळाचा रंगीत तक्ता हातात ठेवला. दुसऱ्याने, म्हाताऱ्या माणसांना हे कुठे कळणार, म्हणून वाटेला लावलं. तिला नेमकं काय छळतंय, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

तुम्ही आलात आणि पहिलं तेच विचारलंत. "बाई, कोणती ओवी झोपू देत नाही?" आईने न बघता सांगितली. मग तुम्ही तिचंच शास्त्र मागून घेतलंत, कापडाची पट्टी लावून शिवलेलं, खिशातली पेन्सिल काढलीत आणि थांबून विचारलंत, "समासात लिहू का?"

सर, तुम्ही आयुष्यभर जुना करार शिकवलात, तुमच्या अभ्यासाबद्दल मी काय बोलणार! पण ते "लिहू का?" अजून आठवलं तरी गळा दाटून येतो. तोवर प्रत्येकाने तिच्या पुस्तकातून तिलाच दम दिला होता. ते पुस्तक तिचं आहे, हे तुम्ही धरून चाललात.

तेराव्या अध्यायाच्या बाजूला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंत, "यहेज्केल 9:4", म्हणजे जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातली ओवी, आणि पान काढून तिलाच वाचायला लावलंत. ती बोट ठेवून वाचत होती. तागाची वस्त्रं घातलेला, कमरेला दौत असलेला तो माणूस यरुशलेमभर फिरतो आणि नगरातली अमंगळ कृत्यं पाहून जे उसासे टाकतात, त्यांच्या कपाळावर चिन्ह करतो. त्यांना कुणी हात लावायचा नाही. मग प्रकटीकरणाचा सातवा अध्याय, तिथे देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का. मग जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय, देवाची वचनं हाताला आणि डोळ्यांच्या मधोमध बांधा. यहूदी लोक आजही प्रार्थनेच्या वेळी ती तशी बांधतात. श्वापद हात आणि कपाळ मागतं, कारण ती जागा आधीपासून देवाची आहे. माणूस कुणाचा, एवढंच त्या खुणेत विचारलंय. आईने पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाली, "म्हणजे सुईचा ह्यात संबंधच नाही."

बाकीचं तुम्ही मला ओसरीत सांगितलंत. पात्म बेटावरून योहानाने हे प्रकटीकरण लिहून पाठवलं ते इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात मंडळ्यांना, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात. पहिलं शतक सरत आलेलं, बहुतेक अभ्यासकांच्या मते रोमी सम्राट डोमिशियनचा काळ. कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, देवळं गावोगाव, त्याचा मुखवटा नाण्यांवर. 666 हा आकडा इब्री (हिब्रू) अक्षरांत "नेरोन कैसर", म्हणजे सम्राट नीरो, असं लिहून अक्षरांच्या किमती मोजल्या की येतो. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे, कारण "नेरोन"मधला शेवटचा "न" गाळला की 50 कमी होतात. चित्ता, अस्वल आणि सिंह मिळून झालेलं ते श्वापद जुन्या करारातल्या दानीएलाच्या सातव्या अध्यायातल्या प्राण्यांपासून घडवलेलं. आणि दानीएलाचे ते दृष्टान्त सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख एपिफानेस याने केलेल्या यहूद्यांच्या छळाच्या काळातले, इसवी सनापूर्वी 167 च्या सुमाराचे, जेव्हा यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट झालं होतं. पुढे रोमनांनी ते मंदिर पाडल्यानंतर एका यहूदी लेखकाने एज्रा या जुन्या शास्त्र्याच्या नावाने लिहिलेल्या ग्रंथात दानीएलाचं चौथं श्वापद, म्हणजे चौथं राज्य, रोमचा गरुड केला. चिरडलेल्या माणसांनी एकमेकांना धीर द्यायला हे लिहिलं. आमच्याकडे त्याच ओळी एका वृद्ध बाईला प्रभुभोजनापासून तोडायला वापरल्या गेल्या. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाऊही नये.

प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय तुम्ही निघता निघता वाचलात. योहानाला सांगतात की यहूदा वंशाचा सिंह, म्हणजे ख्रिस्त, जिंकला आहे. तो बघतो तर वधलेला कोकरा उभा. ज्यांना गर्जना करून लोकांना घाबरवायची सवय आहे, त्यांनी हे पान एकदा शांतपणे वाचावं. विद्वान पुष्कळ असतात सर, पण घाबरलेल्या माणसासमोर आवाज खाली आणणारे थोडे. ती माणुसकी शिकून येते की घरातून, कोण जाणे, पण तिच्यावर मंडळ्या टिकून आहेत.

आई प्रभुभोजन घेऊ लागली आहे. आता तिने दानीएल सुरू केलाय आणि अस्वलाच्या दातांतल्या तीन फासळ्या कुणाच्या, म्हणून रोज विचारते. नाताळाच्या आधी एकदा या, जेवायलाच या. ती तुम्हालाच विचारणार म्हणते.

आपला कृतज्ञ,
तिचा मुलगा