पोवळं समुद्रातच राहू दे

पणजी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. क्लाउनफिश, ते नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे समुद्री मासे, पाळायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड बेटाकडून जिवंत पोवळ्याचा तुकडा आणायचा बेत तेवढा आजच सोड. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहे, हे एक. दुसरं म्हणजे गोल, घट्ट पोवळं वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. मुठीएवढं मोडलं की कित्येक वर्षांची वाढ गेली. त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग देतं. नव्या टाकीत पाणी तापलं की ते शैवाल निघून जातं, पोवळं पांढरंफटक पडतं आणि उपाशी मरतं. त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र खडक घे.

टाकी १०० लिटरपेक्षा लहान नको. मिरामारच्या किनाऱ्याचं पाणी आणू नकोस; तिथे मांडवीचा गाळ येतो, पावसात खारेपणाही उतरतो. आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या गाळीव पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळव, खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ दिसलं पाहिजे. मग मासा न सोडता चार ते सहा आठवडे थांब. अधूनमधून चिमूटभर खाद्य टाक, ते कुजून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू खडकात वाढतात. अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, दोन्ही माशांना विषारी; ती शून्यावर आली की मासे आण. इथे घाई केलीस तर मासे वर येऊन धापा टाकतील.

पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून घटलेलं पाणी साध्या आरओनेच भरायचं. नवशिके खारं पाणी ओततात आणि टाकी घालवतात. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलशील ते मात्र खारं. मे महिन्यात पाण्यावर पंखा लाव, २७ अंशांच्या आसपास राहू दे.

मासे टाकीत पैदा झालेलेच माग, लहान दोन पुरेत. नर-मादी शोधत बसू नकोस. सगळे आधी नरच असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो.

समुद्रफूल, म्हणजे क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी, सहा महिन्यांनंतर आण, तेही भरपूर उजेड असेल तरच. ते सरकत पंपात अडकतं, तेव्हा पंपाच्या तोंडावर स्पंज लाव. पहिल्या भेटीला मासा पोटाचे पर हलकेच टेकवतो, झटकन मागे सरतो, पुन्हा येतो. थोड्या वेळाने अंग घासतो आणि मग त्या डंखणाऱ्या बोटांत खुशाल लोळतो. ते नक्की बघ. समुद्रफुलाविनाही मासा मजेत जगतो, म्हणून जीव टांगणीला लावू नकोस.

बॅटरीवरचा एअर पंप मात्र पाऊस सुरू होण्याआधी घेऊन ठेव. रात्री वीज गेली तर तोच कामी येईल.

तुझा,
मुकुंद