बारा इंची टॉम सुरात राहत नाही, आणि दोष उन्हाचा नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख
(कंपनीचं नाव आणि पत्ता पाकिटावर आहे)

दिनांक : 5 मे 2025

विषय : पाच ड्रमच्या किटमधला 12 इंची टॉम बदलून मिळण्याबाबत. तिसरी लेखी तक्रार.

महोदय / महोदया,

माझी दुसरी तक्रार तुम्ही 28 एप्रिलला निकाली काढलीत. कारण एका ओळीचं दिलंत, की ट्यूनिंग हा वापराचा भाग आहे, तो वॉरंटीत बसत नाही, आणि आमच्या भागातल्या उष्ण हवामानामुळे स्वर उतरणं स्वाभाविक आहे. ही ओळ मी वडिलांना वाचून दाखवली. त्यांची उभी हयात हलगी वाजवण्यात गेली. ते म्हणाले, "ऊन कसं असतंय ते आता हे सांगायलेत का आपल्याला?"

हवामानाचं आधी मिटवून टाकू. मी अंबाजोगाईला राहतो, बीड, लातूर, परभणी या पट्ट्यात कार्यक्रम करतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, हे मला मान्य आहे. आमच्या घरात वाद्य कधी चढतं आणि कधी उतरतं, हे पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. पावसाळ्यात हलगी सर्द होते, मग चार पाचट पेटवून शेकायची, की पुन्हा टणटण बोलते. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायची, वाळली की पाण्याचा हात फिरवायचा. ही चामड्याची गोष्ट. तुमच्या ड्रमवर चामडं नाही, पॉलिएस्टरचं पान आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अशी पानं बाजारात आली, ती चामडं दमटपणाला दाद देतं म्हणूनच. चामडं कोरड्या उन्हात चढतं, प्लॅस्टिक तापलं की थोडं सैल पडतं. तेव्हा उन्हाने स्वर उतरतो हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण ऊन काय फक्त बारा इंचीवरच पडतं? त्याच टेम्पोतून दहा इंची येतो, चौदाचा स्नेअर येतो, सोळाचा फ्लोअर टॉम येतो, बावीसची किक येते. तेही उतरतात, पण सगळीकडून सारखे उतरतात, आणि बोल्ट आवळायच्या चावीचा पाव आटा दिला की जागेवर येतात. बारा इंची एका बाजूनेच उतरतो. ऊन बाजू बघून पडत नाही.

आता मूळ हकिगत. गेल्या दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2024 ला, तुमच्या छत्रपती संभाजीनगरच्या विक्रेत्याकडून मी हे किट 46,500 रुपयांना घेतलं. पावतीची झेरॉक्स आणि वॉरंटी कार्ड सोबत जोडलं आहे. पहिले दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. त्याआधीची सहा वर्षं दुसऱ्याच्या किटवर वाजवलं, तेव्हा वाटलं नवीन लाकूड आहे, नवीन पान आहे, बसायला वेळ लागेल. पान नवं असताना ताण खातं, दोन-चार दिवस सारखं चढवावं लागतं, हे खरंच आहे. पण सात महिने?

तुमच्या माहितीपुस्तिकेत ट्यूनिंगबद्दल एकच वाक्य आहे, 'हवा तो स्वर लावून घ्या'. सुरक्षेच्या सूचना मात्र चार पानं, त्यात लहान मुलांनी पान गिळू नये अशीही एक. असो. मी कसं लावतो ते सांगतो, म्हणजे 'ग्राहकाला येत नाही' हा मुद्दा राहणार नाही. जुनं पान काढून लाकडी पिंपाची कड फडक्याने पुसतो. पान ठेवून वर रिम, म्हणजे पान दाबून धरणारी कडी, बसवतो, सहाही बोल्ट हाताने लागतील तेवढेच लावतो. मग चावी, अर्धा-अर्धा आटा, एकानंतर शेजारचा कधीच नाही, नेहमी समोरचा. पानाच्या मध्यावर तळहात दाबून बसवून घेतो. त्यानंतर प्रत्येक बोल्टपासून बोटभर आत काडीने हलकं टिचकावून ऐकतो आणि सहाही जागा एका स्वरावर आणतो. खालचं पान वरच्यापेक्षा जरा चढं ठेवतो, म्हणजे गुंज लांबत नाही आणि माइकमध्ये घोळ होत नाही. तबलावाला गठ्ठ्यांवर हातोडी घेऊन गोल फिरतो, तेच काम. फक्त आमची हातोडी म्हणजे चावी.

आणि एक सांगतो, जे कदाचित तुमच्या तंत्रज्ञांना माहीत असेल, पण तक्रार बंद करणाऱ्याला नसावं. तबल्याला शाई असते. त्या शाईमुळे पानातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच दाखवून दिलं. ड्रमचं पान कोरं असतं. त्याचा पहिला वरचा स्वर मूळ स्वराच्या साधारण 1.59 पट येतो, कशातच नीट न बसणारा. म्हणजे ड्रमवाल्याकडे सूर जपायचा एकच उपाय राहतो, तो म्हणजे पान सगळीकडून सारखं ताणलेलं असणं. एक बाजू ढिली असली की तो वरचा स्वर फुटून दोन जवळजवळचे स्वर होतात आणि ते एकमेकांत भांडतात. ऐकायला 'वँव-वँव' अशी लाट येते. तुमचा बारा इंची पहिल्या दिवसापासून तीच लाट मारतो.

फोनमधल्या अ‍ॅपवर मी आकडे घेतले. पाच बोल्टांजवळ 188 ते 191 हर्ट्झ. चौथ्याजवळ 171. चौथा चढवला की त्याच्या समोरचा पहिला पळतो, आणि पहिला उतरवला की चौथा पुन्हा झोपतो. दोघांना एका जागी आणायचं म्हटलं तर चौथा बोल्ट इतका आवळावा लागतो की रिम तिथे डोळ्यांना खाली गेलेली दिसते. कमी स्वर हवा असेल तर चौथ्यावर ताणच उरत नाही आणि वाजवता वाजवता तो आपोआप फिरून सुटतो. नळाच्या आट्याला गुंडाळतात ती पांढरी टेप लावून बघितली, नायलॉनचे वॉशर टाकून बघितले. बोल्ट सुटायचा थांबला. लाट थांबली नाही.

13 एप्रिलच्या रात्री केज तालुक्यातल्या एका गावात भीमगीतांचा कार्यक्रम होता. रात्री बाराला जयंतीचा जल्लोष, समोर मैदान भरलेलं. साउंड चेकला संध्याकाळी सात वाजता मी टॉम लावून ठेवला होता. तिसऱ्या गाण्याला दहा, बारा, सोळा असा रोल उतरवला आणि मधलाच ड्रम असा वाजला की जिन्याची एक पायरी निघून गेल्यासारखं झालं. ढोलकीवाल्याने माझ्याकडे बघितलं. गायकाने बघितलं नाही, पण पुढच्या कडव्याला त्यांनी हाताने मला 'सोडून दे' अशी खूण केली. उरलेला कार्यक्रम मी बारा इंचीला हात न लावता काढला. बिदागीत कोणी काही कापलं नाही, तेव्हा पैशाचं नुकसान म्हणून मी एक रुपयाही मागत नाही. पण पुढच्या दोन सुपाऱ्यांना मी मित्राचा टॉम मागून नेला. नवं किट घरात आणि टॉम उसना, हे तुम्हीच सांगा कसं दिसतं.

दुसऱ्या तक्रारीनंतर तुम्ही नवीन पान फुकट पाठवलंत. त्याबद्दल आभार मानतो, पान चांगलं आहे, आणि ते चांगलं आहे हेच माझ्या बाजूचं साक्षीदार ठरलं. कारण ते लावूनही चौथ्याजवळ तेच 171-172. मग मी पान आणि रिम एक घर फिरवून बसवली. दोष पानात किंवा रिमेत असता तर ढिली जागा त्यांच्याबरोबर फिरली असती. ती चौथ्या बोल्टजवळच राहिली. मग हेच पान आणि हीच रिम मित्राच्या बारा इंचीवर चढवली, दहा मिनिटांत सहाही जागा एका स्वरावर आल्या. त्याचं चांगलं पान आणि रिम माझ्या टॉमवर लावली, पुन्हा लाट. आता तुम्हीच सांगा, काय उरलं? लाकूड उरलं.

म्हणून टॉम घेऊन काचेच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे टेबलावर 12 मिलिमीटरची जाड काच असते, तिच्यासारखी सपाट जागा आमच्या गावात दुसरीकडे सापडणार नाही. दोन्ही पानं काढून टॉमची वरची कड काचेवर टेकवली, आत मोबाइलची बॅटरी लावून ठेवली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं. कड सपाट असती तर उजेड कुठूनच बाहेर यायला नको. चौथ्या बोल्टच्या जागेजवळ साधारण चार बोटं लांबीची फट उजळली. तिथून पोस्टकार्ड सरकतं, बाकी कुठूनही सरकत नाही. खालची कड ठीक आहे. मग व्यास मोजला. एका दिशेने 302 मिलिमीटर, तिला आडव्या दिशेने 299. म्हणजे ड्रम गोल नाही, आणि जिथे पान टेकतं ती कड एका जागी बसलेली आहे. अशा कडेवर सहा काय, बारा बोल्ट दिले तरी पान सारखं बसणार नाही. फोटो आणि काचवाल्यासमोर काढलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये घातला आहे.

हे सगळं बघून वडील म्हणाले, "काय पिळायलास त्याला इतक्या महिन्यांपासून, खोडच वाकडं हाय की." मला ते सात महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. ट्यूनिंग माझं काम आहे, ते मी करतो आणि करत राहीन. पण ट्यून होण्याजोगा ड्रम देणं तुमचं काम आहे. कड सपाट नसणं, पिंप गोल नसणं हा बनवण्यातला दोष आहे, आणि तुमच्याच कार्डावर बनवण्यातल्या दोषाला एक वर्षाची हमी छापलेली आहे. मला पूर्ण किट परत करायचं नाही. बाकीचे चार ड्रम चांगले आहेत, किक तर फारच छान बोलते, माइक आत न घालताही. मला फक्त 12 इंचीचा नवा टॉम हवा, त्याच रंगाचा, आणि पाठवण्याआधी तो कुठल्यातरी सपाट काचेवर ठेवून बघितलेला. कड घासून सपाट करून देतो असं म्हणाल तर त्याला माझी हरकत आहे. कड घासता येईल, गोलाई कशी आणणार?

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते, आणि पाच लाखांच्या आतल्या वस्तूला फीही लागत नाही, तेव्हा मुंबईला खेटे घालावे लागतील या भीतीने मी गप्प बसेन असं कृपया समजू नका. तसं करायची मात्र हौस नाही. लग्नसराई आहे, वेळ नाही.

तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर यावा, स्वागत आहे. स्वतःच्या चावीने, स्वतःच्या कानाने लावून बघावं, मी बाजूला बसतो. फक्त सकाळी दहाच्या आत पाठवा. काचवाले काका दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतात, आणि संध्याकाळी मला उसना टॉम घेऊन परळीला जायचं असतं.

आपला ग्राहक,
एक ड्रमवादक, अंबाजोगाई
(नाव, फोन नंबर आणि पावती क्रमांक सोबतच्या अर्जावर)