दुसरी गाठ

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर बोलताना रडू आलं तर तुम्ही दोघं रात्रभर जागाल, म्हणून लिहितेय. आधी हे सांगते, की मी वेळेवर जेवते, अकराच्या आत आडवी होते आणि धाकटी दर शनिवारी मुक्कामाला येते. एकटी नाही मी.

मला नैराश्य आहे. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या सुरू केल्या आणि त्याच दिवशी यंदाच्या मॅरेथॉनमधून नाव काढून घेतलं. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आई, तू म्हणाली असतीस, 'ते पळणं आधी बंद कर, दमून असं होतं.' आणि बाबा, तुम्ही म्हणाला असता, 'रोज व्यायाम करतेस, मग गोळ्या कशाला?' दोघंही मायेपोटीच म्हणाला असता. पण मला पळणंही हवंय आणि गोळ्याही.

पळणं सोडलेलं नाही गं आई, फक्त ते वेळापत्रक सोडलं. ४२ किलोमीटरच्या तयारीत आठवड्याला साठ किलोमीटर पळत होते आणि पहाटे तीनला झोप उडत होती. सकाळची नाडी एरवी ५४ असायची, ती ६६ वर गेली. शरीर सावरत नव्हतं आणि मी त्यालाच आळस समजून आणखी दामटत होते. ऑफिसचा ताण होताच. आता आठवड्यातले पाच दिवस, अर्धा-अर्धा तास, बोलता येईल इतक्याच वेगाने पळते. म्हणजे १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना निदान एवढं करायला सांगते. घड्याळ घरी ठेवते. दहा मिनिटांनंतरही नकोसं वाटलं तर परत फिरते, आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही.

बाबा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. १९९९ साली ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. पन्नाशीपुढच्या नैराश्याच्या रुग्णांपैकी काहींना सोळा आठवडे व्यायाम दिला, काहींना गोळ्या, काहींना दोन्ही. शेवटी तिन्ही गटांना साधारण सारखाच गुण आला. पण व्यायामासाठी उठता तर यायला हवं ना! एका सकाळी मी एक बूट घालून पलंगाच्या कडेवर पाऊण तास बसून होते. लेस बोटांत धरलेली, आणि गाठ मारायचं बळ नाही. शाळेत जाताना तुम्ही गुडघे टेकून माझ्या बुटाला दुसरी गाठ मारायचात, 'आता नाही सुटायची' म्हणायचात. तेच सारखं आठवत राहिलं. त्याच दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली.

आत्याच्या वेळी घरात कुणी तो शब्दही काढला नाही. तेव्हा कुणाला कळतच नव्हतं, दोष कुणाचाच नाही. पण मला तिच्यासारखं गप्प राहायचं नाही. आणि आई, 'माझंच काही चुकलं का' हा विचार मनात आणू नकोस. आजही जीव घाबरला की तुझ्या साडीचा पदरच आठवतो मला.

आता ऐका. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने घ्यायच्या असतात. त्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, म्हणून 'आता पुरे' म्हणू नका. बाबा, तुम्हीही 'आज बरं वाटतंय' म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. आई, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, जमेल तेवढीच. गुडघा दुखला तर थांब. तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, भिंतीला धरून, आणि बाबा शेजारी असतानाच. बाथरूममध्ये रात्री दिवा चालू ठेवा.

धावत इकडे येऊ नका, प्रवासाने आईचा गुडघा सुजेल. महिनाअखेरीस मीच येतेय, चार दिवस राहीन. तोवर फोनवर रोज 'बरं वाटतंय का' विचारू नका, मला खोटं बोलावं लागतं. 'आज कुठवर गेलीस?' एवढंच विचारा. कोपऱ्यापर्यंतच गेले असेन, तर तसं सांगेन.

तुमची,
माऊ